सात प्रांतांचा सरखेल : मिखिल द रॉयटर

युद्धनौकेचे आयुष्य फार मोठे नसते. लाकडी असो वा पोलादी, तीस-चाळीस वर्षांत ती जुनी होते आणि मोडीत निघते. कधी त्याआधीच शत्रूच्या माऱ्याने सागराच्या तळाशी जाते. परंतु नौकेबरोबर तिचे नाव नाहीसे होत नाही. काही काळाने तेच नाव एखाद्या नव्या नौकेला देण्यात येते आणि जुन्या नौकेचा मान नवीकडे चालत येतो. आपल्या आरमारातील पहिली ‘विक्रांत’ १९६१ साली सेवेत रुजू झाली आणि १९९७ साली निवृत्त झाली. २०२२ साली त्याच नावाची दुसरी नौका, आणि तीही आपल्याच देशात बांधलेली, समुद्रावर आली. दर्यावर्दी राष्ट्रांत ही रीत फार जुनी आहे. युरोपातील हॉलंड या चिमुकल्या देशाच्या आरमारात अशी दोन नावे शतकानुशतके पुन्हा पुन्हा येत राहिली आहेत. एक ‘द रॉयटर’ आणि दुसरे ‘झेवेन प्रोव्हिन्सिएन’, म्हणजे ‘सात प्रांत’. यांतील पहिले नाव एका माणसाचे आहे आणि दुसरे त्या माणसाच्या जहाजाचे. हा माणूस कोण होता आणि त्याचे नाव एवढे का टिकले, हे पाहण्यासारखे आहे.

कोकण किनाऱ्याला हॉलंडचे लोक अपरिचित नाहीत. मराठ्यांच्या इतिहासात त्यांना वलंदेज म्हणतात, आणि वेंगुर्ल्यास त्यांच्या वखारीचे अवशेष अद्याप उभे आहेत. द रॉयटर स्वतः आपल्या देशाकडे कधी आला नाही. तथापि तो छत्रपती शिवाजी महाराजांचा समकालीन होता. महाराजांच्या जन्मापूर्वी तेवीस वर्षे तो जन्मला आणि त्यांच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी रणात जखमी होऊन वारला. महाराज पश्चिम किनाऱ्यावर आरमाराची उभारणी करीत होते, त्याच काळात तिकडे उत्तर समुद्रावर हा पुरुष आपल्या राष्ट्राचे आरमार घडवीत होता.

मिखिलचा जन्म २४ मार्च १६०७ रोजी झीलंड प्रांतातील फ्लिसिंगेन या बंदरात झाला. त्याचा बाप आद्रियान हा बिअरची पिंपे वाहणारा हमाल होता. घरात अकरा मुले आणि मिळकत बेताची. त्या काळी तिकडे गोरगरिबांना आडनाव असतेच असे नाही. आपल्याकडच्याप्रमाणे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावीत. त्यामुळे हा मुलगा नुसता ‘आद्रियानचा मिखिल’ होता. शाळेत त्याचे चित्त रमेना. गावातील मोठ्या चर्चच्या मनोऱ्याची डागडुजी चालू असता हा पोर सर्वांची नजर चुकवून कळसापर्यंत चढला, आणि मधल्या वेळात गवंड्यांनी शिडी काढून नेली, तेव्हा छपराची कौले फोडून त्याने खाली उतरायला वाट केली, अशी एक आख्यायिका आहे. अखेरीस बापाने त्याला लॅम्प्सिन्स या सधन व्यापाऱ्यांच्या कारखान्यात दोर वळण्याचे चाक फिरविण्याच्या कामास लावले. दिवसभर एका जागी उभे राहून चाक फिरवायचे आणि समोरच्या धक्क्यावरून शिडे उभारून जाणारी जहाजे पाहायची, हे त्याच्या स्वभावाला मानवले नाही. १६१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो पोरसवदा खलाशी म्हणून जहाजावर चढला.

पुढील तीस-पस्तीस वर्षे तो समुद्राच्या शाळेत शिकत होता असेच म्हटले पाहिजे. पंधरा वर्षांचा असताना स्पेनच्या वेढ्यातून बेर्खेन-ऑप-झोम हे शहर सोडविण्याच्या मोहिमेत तो बंदुका चालविणाऱ्यांत होता. पुढे लॅम्प्सिन्स पेढीचा मुनीम म्हणून तो आयर्लंडात डब्लिन येथे राहिला. त्यानंतर देवमाशांच्या शिकारीसाठी उत्तरेकडील बर्फाळ जान मायेन बेटापर्यंत जाणाऱ्या जहाजांवर त्याने सुकाण्याचे काम केले. याच सुमारास केव्हा तरी त्याने ‘द रॉयटर’ हे आडनाव घेतले. पुढे स्वतःच्या मालकीच्या ‘सॅलमँडर’ या जहाजातून तो मोरोक्को व वेस्ट इंडिजपर्यंत व्यापार करू लागला. उत्तर आफ्रिकेच्या बाजारात बंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या ख्रिस्ती खलाशांना तो पैसे भरून सोडवीत असे. चाचे अंगावर आले तेव्हा त्याने जहाजावरील लोणी बाहेरच्या फळ्यांना फासून ठेवले आणि चढू पाहणारे चाचे घसरून पडले, ही गोष्ट तिकडील मुले आजही मोठ्या चवीने ऐकतात. ती खरी असो वा नसो, शक्तीपेक्षा युक्तीवर त्याचा भर असे, एवढे तिच्यावरून खचित दिसते.

संसारात मात्र त्याला दुःखे थोडी झाली नाहीत. पहिली पत्नी लग्नाच्या वर्षातच बाळंतपणात वारली आणि तान्ही मुलगीही गेली. दुसरी पत्नी १६५० साली निवर्तली. १६५२ साली त्याने तिसरा विवाह केला आणि आता दर्याला रामराम ठोकून मुलाबाळांत राहावे असे ठरविले. त्या वेळी तो पंचेचाळीस वर्षांचा होता. तेथेच त्याचा प्रवास संपता, तर एक सुखवस्तू व्यापारी यापलीकडे त्याची ओळख राहिली नसती.

परंतु त्याच वर्षी इंग्लंड व हॉलंड यांच्यात युद्ध पेटले. हॉलंड म्हणजे त्या काळी सात प्रांतांचे प्रजासत्ताक होते. या प्रांतांनी स्पेनच्या बलाढ्य राजसत्तेशी ऐंशी वर्षे झुंज देऊन १६४८ साली आपले स्वातंत्र्य मान्य करून घेतले होते. देश सखल, जमीन थोडी. सारे जीवित सागरी व्यापारावर अवलंबून. समुद्र बंद झाला तर लोकांच्या तोंडचा घास जाणार, अशी स्थिती होती. झीलंडच्या अधिकाऱ्यांनी द रॉयटरला बोलावणे धाडले. आधी त्याने नकार दिला. मग एकाच मोहिमेपुरते येतो असे सांगून तो गेला. त्या एका मोहिमेतच प्लिमथजवळ सर जॉर्ज आयस्क्यू या इंग्रज सेनानीला त्याने माघार घ्यायला लावली, आणि मग समुद्राने त्याला पुन्हा कधी सोडले नाही. १६५३ साली वलंदेजांचा थोर सेनापती मार्टेन ट्रॉम्प रणात पडला. प्रजासत्ताकाचा सूत्रधार योहान द विट याने आग्रह करकरून द रॉयटरला ॲमस्टरडॅमच्या आरमारात व्हाइस-ॲडमिरलचे पद स्वीकारायला लावले. विट हा कायदा आणि गणित जाणणारा विद्वान मुत्सद्दी, तर रॉयटर दोरखंडांत वाढलेला खलाशी; पण दोघांचा स्नेह अखेरपर्यंत अभंग राहिला.

१६६४ साली त्याला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठविण्यात आले. इंग्रजांनी घेतलेले वलंदेजी किल्ले त्याने परत जिंकले. आपल्याकडे मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेच हे वर्ष. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. या किल्ल्यांतून सोन्याचा व्यापार चाले, तसाच माणसांचाही चाले. आफ्रिकेतील स्त्रीपुरुषांना बेड्या घालून येथूनच समुद्रापार विकायला नेत. जो पुरुष आपल्या धर्माच्या बंदिवानांना पदरच्या पैशांनी सोडवी, त्याच्याच तोफांनी या दुष्ट व्यापाराची ठाणी आपल्या राष्ट्राला परत मिळवून दिली. आजच्या हॉलंडातही या गोष्टीची उघडपणे चर्चा होते, आणि ती होणे योग्यच आहे. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याची सावलीही पाहावी लागते.

तेथून तो अटलांटिक ओलांडून बार्बाडोसपर्यंत गेला आणि १६६५ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचा पहारा चुकवून उत्तरेच्या वाटेने मायदेशी परतला. मध्यंतरी लोस्टॉफ्टच्या लढाईत वलंदेजांचा दारुण पराभव झाला होता आणि सेनापतीचे जहाज दारूगोळ्यासह उडाले होते. लोक हवालदिल झाले होते. अशा वेळी हमालाच्या या मुलाकडे साऱ्या आरमाराचे आधिपत्य देण्यात आले. त्याच सुमारास रॉटरडॅमकरांनी बांधलेले सुमारे ऐंशी तोफांचे एक भव्य जहाज त्याच्या निशाणासाठी मिळाले. त्याचे नाव ‘सात प्रांत’. या सात प्रांतांत आपसांत हेवेदावे भरपूर. आरमाराचीही पाच वेगवेगळी मंडळे, प्रत्येकाचा मान निराळा. या साऱ्यांना एका निशाणाखाली लढायला शिकविणे हे द रॉयटरचे खरे कार्य होते. त्याने संकेतांची शिस्त लावली, एका ओळीत लढण्याची कवायत करून घेतली आणि खलाशांच्या पोटापाण्याची जातीने काळजी वाहिली. खलाशी त्याला प्रेमाने ‘बेस्टेफार’, म्हणजे ‘आजोबा’, म्हणत.

१६६६ च्या जून महिन्यात इंग्रजांशी सतत चार दिवस घनघोर लढाई झाली. इतक्या दीर्घ आरमारी लढाया इतिहासात क्वचितच आढळतील. वलंदेजांचा जय झाला, आणि पूर्वी प्लिमथजवळ निसटलेला आयस्क्यू या वेळी कैदी झाला. आरमाराबरोबर असलेल्या एका फ्रेंच सरदाराने लढाईच्या दुसऱ्या दिवशी पाहिले, तो विजयी सेनापती आपली खोली स्वतः झाडीत होता आणि कोंबड्यांना दाणे टाकीत होता. परंतु दोनच महिन्यांत फासे उलटे पडले. पुढच्या लढाईत आरमाराची एक तुकडी दूर निघून गेली आणि द रॉयटर मोठ्या सैन्यापुढे एकाकी पडला. एवढ्या गोळ्यांतून एकही आपल्याला का लागू नये, असे त्या घटकेस त्याला वाटले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. शत्रूवर तुटून पडू आणि वीरमरण पत्करू, असे त्याच्या जावयाने सुचविले. ते ऐकताच तो भानावर आला. आपण मेल्याने देशाचे काय भले होणार? जहाजे राखली तर उद्या पुन्हा लढता येईल, असा विचार करून त्याने झुंजत झुंजत आरमार बंदरात आणून सोडले. मरणे सोपे असते आणि जबाबदारी निभावणे कठीण असते, हे या प्रसंगावरून कळते.

राखलेल्या त्या जहाजांचा उपयोग पुढच्याच वर्षी झाला. १६६७ च्या जूनमध्ये वलंदेजांचे आरमार थेट थेम्स नदीच्या मुखाशी आले आणि तेथून मेडवे नदीत शिरले. इंग्रजांनी नदीवर आडवी लोखंडी साखळी बांधली होती. ती त्यांनी तोडली. नांगरून ठेवलेली मोठमोठी इंग्रज जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ही इंग्रजांची प्रमुख नौका ओढून हॉलंडला नेली. या नौकेच्या नावाचीही कथा मनोरंजक आहे. क्रॉमवेलच्या राजवटीत ती बांधली तेव्हा ज्या नेझबीच्या लढाईत राजाचा पराभव झाला त्या लढाईचे नाव तिला दिले होते. पुढे १६६० साली राजा दुसरा चार्ल्स याच नौकेतून परत आला आणि तिने राजाचे नाव धारण केले. आता तीच नौका शत्रूच्या बंदरात पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाली! तिच्या पिछाडीवरील सिंह आणि एकशिंगी घोडा यांचे कोरीव काम ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही पाहायला मिळते. या तडाख्यानंतर थोड्याच आठवड्यांत ब्रेडा येथे तह झाला.

परंतु द रॉयटरची खरी कसोटी १६७२ साली लागली. त्या वर्षी फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मनीतील दोन संस्थाने यांनी मिळून या छोट्या प्रजासत्ताकावर झडप घातली. समुद्रावर द रॉयटरने सोलबेजवळ इंग्रज व फ्रेंच यांच्या संयुक्त आरमाराला अचानक गाठून त्यांचा बेत हाणून पाडला. पण जमिनीवर फ्रेंच फौजा देशात घुसल्या. घाबरलेल्या लोकांना कोणावर तरी राग काढायचा होता. २० ऑगस्ट रोजी हेग शहरात संतप्त जमावाने योहान द विट आणि त्याचा भाऊ कॉर्नेलिस यांना ठार मारून त्यांच्या देहांची विटंबना केली. द रॉयटर विटांचा मित्र. कॉर्नेलिसविषयी उठविलेले किटाळ खोटे असल्याचे त्याने निर्भयपणे लिहून कळविले होते. तो समुद्रावर देशासाठी लढत असता इकडे ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या घरावरही जमाव चालून गेला. शहराच्या रक्षकांनी वेळीच धाव घेतली म्हणून त्याचे कुटुंब वाचले.

ज्या लोकांनी आपल्या मित्राचा खून केला, आपल्या घरावर दगड उचलले, त्यांच्यासाठी पुन्हा तोफेच्या तोंडी जावे काय? दुसऱ्या एखाद्याने राजीनामा दिला असता. त्याला कोणी नावे ठेवली नसती. द रॉयटर आपल्या जागेवरून हलला नाही. त्याचा जुना प्रतिस्पर्धी कॉर्नेलिस ट्रॉम्प, म्हणजे मार्टेन ट्रॉम्पचा मुलगा, याच्याशी त्याचे वैर होते. १६६६ च्या त्या लढाईत दूर निघून गेलेली तुकडी याच ट्रॉम्पची. ऑरेंजच्या राजपुत्र विल्यमने मध्यस्थी करताच तेही वैर त्याने मिटविले. १६७३ साली स्कोनेव्हेल्ट येथे दोनदा आणि टेक्सेलजवळ एकदा, अशा तीन लढायांत, संख्येने अधिक असलेल्या शत्रूला या दोघांनी किनाऱ्यापासून दूर ठेवले. शत्रूचे सैन्य हॉलंडच्या वाळूवर उतरू शकले नाही आणि पुढच्या वर्षी इंग्लंडने तह केला. देश वाचला, तो या तीन लढायांनी.

शेवटची कामगिरी त्याच्यावर आली तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. फ्रेंचांविरुद्ध स्पेनला साहाय्य करण्यासाठी त्याला सिसिली बेटाकडे जाण्याचा हुकूम झाला. दिलेले आरमार या कामाला अपुरे आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. म्हातारपणी भीती वाटू लागली काय, असे एका अधिकाऱ्याने सुचविले, तेव्हा त्याने शांतपणे कळविले, की राष्ट्र आपले निशाण जेथे पाठवील तेथे आपण प्राण घेऊन जाऊ. ज्या स्पेनविरुद्ध त्याने पोरवयात बंदूक धरली होती, त्याच स्पेनच्या मदतीला तो निघाला. वाटेत फेब्रुवारी १६७६ मध्ये नेपल्स येथे गलबतांची वल्ही मारण्याच्या शिक्षेत खितपत पडलेल्या सव्वीस हंगेरियन धर्मोपदेशकांची त्याने मुक्तता करविली. हंगेरीतील देब्रेत्सेन गावी या उपकाराचे स्मारक आहे. २२ एप्रिल रोजी ऑगस्टाजवळ फ्रेंच सेनानी द्युकेन याच्याशी लढताना तोफेचा गोळा त्याच्या पायांवर आदळला. एका आठवड्याने, २९ एप्रिल १६७६ रोजी, सिराक्यूझच्या बंदरात आपल्या जहाजावरच त्याने देह ठेवला. त्याचे शव मायदेशी नेत असता फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने आपल्या किनाऱ्यावरून तोफांची सलामी देण्याची आज्ञा केली. शत्रूकडून असा सन्मान थोड्यांच्याच वाट्याला येतो. १८ मार्च १६७७ रोजी ॲमस्टरडॅमच्या ‘नव्या चर्च’मध्ये त्याला मूठमाती देण्यात आली.

आता त्या दोन नावांची पुढील हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. मूळचे ‘सात प्रांत’ जहाज १६९२ साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत जर्जर झाले आणि १६९४ साली मोडण्यात आले. १७८१ साली डॉगर बँकच्या लढाईत डच सेनापतीचे निशाण ज्या जहाजावर होते, त्याचे नाव ‘ॲडमिरल द रॉयटर’. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किनारा राखणाऱ्या दोन पोलादी नौकांनी हीच दोन नावे धारण केली. परंतु नाव मोठे म्हणून राज्य न्यायी होतेच असे नाही. १९३३ साली सुमात्राजवळ ‘सात प्रांत’ नौकेवरील इंडोनेशियन व काही डच खलाशांनी पगारकपातीविरुद्ध बंड केले, तेव्हा सरकारने विमानातून बाँब टाकला आणि तेवीस माणसे ठार झाली. एकीसाठी ठेवलेले नाव त्या दिवशी रक्ताने माखले. पुढे त्या नौकेचे नावच बदलण्यात आले.

१९३६ साली ‘द रॉयटर’ नावाची नवी क्रूझर सेवेत आली. २७ फेब्रुवारी १९४२ रोजी जावा समुद्रातील लढाईत जपानी पाणतीराने ती फुटली आणि सेनापती कारेल डोरमान याच्यासह तीनशेहून अधिक नौसैनिक जलसमाधीस गेले. २००२ साली पाणबुड्यांना तिचा सांगाडा सापडला; पण २०१६ साली पाहिले, तर तो सांगाडाही नाहीसा झालेला! भंगार चोरणाऱ्यांनी समुद्राच्या तळाचे लोखंडही सोडले नव्हते. तोपर्यंत नाव मात्र पुढे गेले होते. १९५३ साली ‘द रॉयटर’ आणि ‘सात प्रांत’ या जोडीच्या क्रूझर आल्या. पुढे दोन्ही पेरू देशाला विकल्या गेल्या. त्यांतील ‘द रॉयटर’ला पेरूच्या ग्राउ या ॲडमिरलचे नाव मिळाले, १८७९ साली आपल्या जहाजावर लढता लढता पडलेला हा वीर होता. त्या नावाने ती नौका २०१७ पर्यंत निशाण फडकवीत राहिली.

सध्याच्या डच आरमारात २००२ पासूनची ‘सात प्रांत’ आणि २००४ पासूनची ‘द रॉयटर’ या एकाच बांधणीच्या फ्रिगेट आहेत. त्याच बांधणीच्या तिसऱ्या नौकेचे नाव ‘ट्रॉम्प’ आहे. पिंपे वाहणाऱ्या हमालाचा हा मुलगा जन्मला तेव्हा त्याला आडनाव नव्हते. जे त्याने स्वतः होऊन घेतले, ते आज साऱ्या राष्ट्राचे झाले आहे. त्या फ्रिगेटवर चढणाऱ्या प्रत्येक कोवळ्या खलाशाला हे नाव तयार मिळते. ते राखणे मात्र त्याच्या स्वतःच्या हाती असते.